बाराव्या पडद्यावर सूर हुकतो तेव्हा: युकुलेले-बांधणीच्या वर्गातली जुनी डोकेदुखी

युकुलेले, म्हणजे गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य, बांधून झालं. पॉलिश वाळलं, घरच्यांनी फोटो काढले, खुंट्या पिळून जी, सी, ई, ए अशा चारही मोकळ्या तारा सुरात लागल्या. मग कुणीतरी बाराव्या पडद्यावर बोट ठेवून तार छेडतं. मोकळ्या तारेचा वरचा षड्ज तिथं लागायला हवा, पण लागतो भलताच सूर. कधी जरासा चढा, कधी चांगलाच उतरलेला. आठ रविवार खपून केलेल्या वस्तूकडे बांधणारा असा बघतो, जणू तिनंच त्याला दगा दिलाय.

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर मी नवशिक्यांसाठी हा वर्ग घेतो. एका तुकडीत आठ माणसं, कारण नववा क्लॅम्प लावायला ओसरीत जागा उरत नाही. पहिल्या तीन तुकड्यांत ही एकच तक्रार पुन्हा पुन्हा आली, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं की या खेपेला कारण सापडलं. घरी किंवा वर्गात युकुलेले, गिटार, पडदे असलेलं काहीही बांधणाऱ्यांचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

वर्गात मी सतारीचेच शब्द वापरतो, इथंही तेच वापरेन. वरची पातळ फळी ती तबली. तबलीवर तारा जिच्यावर टेकतात ती घोडी. दांडीच्या टोकाला ज्याच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात ते तारगहन. गिटारवाले त्याला नट म्हणतात. पडदे म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, फ्रेट. आम्ही सोप्रानो या लहान आकाराचं युकुलेले बांधतो आणि तारगहनापासून घोडीपर्यंतची लांबी ३५० मिमी धरतो. पडदा काढायचा म्हणजे उरलेल्या लांबीला १७.८१७ नं भागायचं, येईल तेवढं पुढं सरकायचं, मग पुन्हा उरलेल्या लांबीला भागायचं. असं करत पहिला पडदा येतो १९.६४ मिमीवर, पाचवा ८७.८ वर, आणि बारावा बरोबर निम्म्यावर, १७५ वर.

तीन तुकड्या, तीन चुकीची निदानं

पहिल्या तुकडीत आठच्या आठ वाद्यं बाराव्यावर चढी होती. दोष सर्वस्वी माझा. घोडी मी हिशेबाप्रमाणे काटेकोर ३५० वर चिकटवायला सांगितली होती. हिशेब तारेच्या लांबीचा असतो, पण बोटानं तार पडद्यापर्यंत दाबली की ती थोडी ताणली जाते, आणि ताण वाढला की सूर चढतो. म्हणून घोडी हिशेबापेक्षा किंचित मागे लागते. सोप्रानोत साधारण २ मिमी.

दुसऱ्या तुकडीत सगळ्यांच्या घोड्या ३५२ वर बसवल्या आणि निर्धास्त झालो. तरी आठातली तीन वाद्यं बेसूर निघाली. आता घोडीशिवाय दुसरं काही डोक्यात येईना. मी त्या तिन्ही घोड्या उचकटल्या. इस्त्रीनं गरम केल्या, खालून पातळ सुरी सरकवली, आणि दोन तबल्यांचे धागे घोडीबरोबरच उपटून आले. एका ताईंनी आपल्या तबलीवर नवऱ्याच्या वाढदिवसाची तारीख जाळून कोरली होती. ‘मार्च’मधला ‘र्च’ घोडीबरोबर गेला. सगळ्यात वाईट म्हणजे, नंतर कळलं की त्यांची घोडी जागेवरच होती.

तिसरी तुकडी २०२४ च्या पावसाळ्यातली. ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला. आठवडाभर वर्ग बंद. काही जण स्वतःच्याच घरातलं पाणी उपसत होते. मग तारा चढवल्या तेव्हा चार वाद्यं बेसूर निघाली आणि सगळ्यांचं एकमत झालं: हवा दमट, लाकूड फुगलं. मीही मान डोलावली. पण रात्री विचार करताना जाणवलं की चारही वाद्यं बेसूर असली तरी एकसारखी बेसूर नाहीत. एकाचा पहिला पडदा चढा, दुसऱ्याचा बारावा उतरा. हवा सगळ्यांना सारखीच होती.

कुंडली काढा

मग मी जे केलं ते पहिल्याच तुकडीत करायला हवं होतं. एका कागदावर चार उभे रकाने आखले, चार तारांचे. आडव्या बारा ओळी, बारा पडद्यांच्या. मोबाइलमध्ये सूर दाखवणारं कुठलंही फुकट अॅप घ्या. ते अर्धस्वराचे शंभर भाग करून किती चढा, किती उतरा ते दाखवतं. त्या भागांना सेंट म्हणतात. मोकळी तार शून्यावर लावायची, मग प्रत्येक पडद्यावर नेहमी वाजवताना दाबतो तेवढ्याच जोरानं दाबून जो आकडा दिसेल तो त्या घरात लिहायचा. चढा असेल तर अधिक, उतरा असेल तर उणे. दोन-तीन सेंट इकडेतिकडे सोडून द्या. नवशिक्याच्या बोटाच्या दाबानंच तेवढा फरक पडतो.

एका वाद्याला अर्धा तास लागतो. या कागदाला वर्गात ‘कुंडली’ हे नाव पडलं. कुणी ठेवलं ते आठवत नाही, पण ते नाव फळ्यावरून पुसलं गेलं नाही.

एकेका घरातल्या आकड्यावरून काही कळत नाही. आकडे पडद्यागणिक कसे बदलत जातात, ते पाहायचं. पहिल्या पडद्याजवळ जवळजवळ शून्य आणि बाराव्याकडे जाताना हळूहळू वाढत गेले, तर घोडी चुकीच्या जागी आहे. पहिल्या-दुसऱ्यावर खूप चढे आणि पुढे पुढे कमी होत गेले, तर तारगहनाच्या खाचा उथळ आहेत. सगळ्या पडद्यांवर एकसारखा तेवढाच उणे किंवा अधिक, तर तारगहन आणि पहिल्या पडद्यातलं अंतर बिघडलंय. आणि एक पडदा चढा, पुढचा उतरा, त्यापुढचा बरोबर असा नागमोडी प्रकार असेल, तर पडद्यांच्या खाचाच वाकड्यातिकड्या पडल्यात. एकाच तारेच्या रकान्यात गडबड आणि बाकीच्या तीन स्वच्छ? आधी ती तार बदला. नायलॉनची एखादी तार कुठं जाड कुठं पातळ निघते, आणि मग जगातली कुठलीही घोडी तिला सुरात आणू शकत नाही.

हे सगळं एकदा समजलं की घोडीचं गणितही सोपं होतं. ३५० मिमी लांबीत घोडी १ मिमी मागे गेली की बाराव्या पडद्यावरचा सूर सुमारे ५ सेंटनी उतरतो. म्हणजे कुंडलीत बाराव्यावर अधिक १० दिसले आणि आकडे हळूहळू वाढत आले असले, तर घोडी २ मिमी मागे हवी. अंदाजानं उचकटायची गरज नाही.

चार दुखणी, प्रत्येकाचं कारण वेगळं

तिसऱ्या तुकडीतल्या चार वाद्यांचा निकाल कुंडल्यांवरून लागला, आणि एकाचंही कारण लाकूड फुगणं नव्हतं.

दोघं भाऊबहीण होते. दोघांच्या कुंडल्या जुळ्या म्हणाव्यात इतक्या सारख्या: पहिल्यापासूनच उतरत जाणारे आकडे, बाराव्यावर जवळजवळ पन्नास सेंट उतरे, म्हणजे अर्ध्या अर्धस्वराची घसरण. त्यांनी पडद्यांच्या जागांचा नमुना घरच्या प्रिंटरवर छापला होता. प्रिंटरनं आपल्या समजुतीप्रमाणे ‘पानात मावेल असं’ करून नमुना तीन टक्के लहान केला. नमुना लहान झाला तरी त्यातली प्रमाणं बरोबर राहतात, म्हणून बघताना शंका येत नाही. पण त्यांचे पडदे ३३९.५ मिमी लांबीसाठी पडले आणि घोडी मात्र वर्गातल्या पट्टीनं ३५२ वर बसली. बारावा पडदा १७५ ऐवजी पावणेदोनशेच्या आत, १६९.७५ वर. मुलगी म्हणाली, ‘सर, मग आमची दांडी चुकली का घोडी?’ खरं तर दोन्ही बरोबर होत्या, फक्त दांडीनं एक लांबी धरली होती, घोडीनं दुसरी. घोडी साडेदहा मिमी पुढं आणल्यावर दोन्ही वाद्यं सुरात लागली. किंचित बुटकी झाली एवढंच.

आता प्रत्येक नमुन्यावर मी बरोबर १०० मिमीची एक रेघ काढतो आणि छापल्यावर ती पट्टीनं मोजल्याशिवाय कागद चिकटवू देत नाही. प्रिंटरच्या खिडकीत ‘शंभर टक्के’ निवडल्याचं कुणी शपथेवर सांगितलं, तरी मोजायची.

तिसरं वाद्य निवृत्त गृहस्थांचं. त्यांना कागदी नमुना मान्यच नव्हता. त्यांचे वडील कलाभवनात सुतारकाम शिकले होते. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेल्या त्या संस्थेचा अभिमान बडोद्यातल्या बऱ्याच मराठी घरांत अजून जिवंत आहे, आणि या घरात तो पितळी बिजागऱ्यांच्या दुमडत्या लाकडी फूटपट्टीच्या रूपानं जिवंत होता. दोन फुटी, चार घड्यांची, एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. इतकी देखणी की मीच हातात घेऊन बसलो होतो. त्यांच्या कुंडलीत नवव्या पडद्यापर्यंत सगळं सुरेख. दहाव्यापासून एकदम दहा सेंट चढे, आणि बाराव्यापर्यंत तसेच. ही उडी मला तासभर कळली नाही. मग पट्टी उघडून बघितली. पहिली बिजागरी सहा इंचांवर, म्हणजे १५२ मिमीवर. नववा पडदा १४१.९ वर, दहावा १५३.६ वर. शंभर वर्षं उघडझाप झालेल्या त्या बिजागरीत मिलिमीटरभर ढिलेपणा आला होता. तिच्या अलीकडचे नऊ पडदे बरोबर, पलीकडचे तिन्ही मिलिमीटरभर पुढं. मी म्हणालो, ‘काका, पट्टी बदलूया.’ ते म्हणाले, ‘मास्तर, पट्टी बदलणार नाही, शेवटचे तीन पडदे बदलतो.’ तीन खाचा शिसवीच्या पातळ चिपा घालून बुजवल्या, नव्यानं कापल्या. पट्टी अजून त्यांच्या पिशवीत असते, पण पडदे ते आता पोलादी पट्टीनंच मोजतात.

चौथं बारावीतल्या मुलीचं, आणि हे दुखणं सगळ्यात जास्त वेळा येतं. ती घरी गाणं शिकते. मोकळी तार षड्ज धरून तिनं पहिला पडदा दाबला आणि म्हणाली, ‘कोमल रिषभ चढा लागतोय.’ अॅपनं तेच सांगितलं: अधिक २४. दुसऱ्यावर १५, पाचव्यावर ६, बाराव्यावर अवघे ४. बिचारीनं चूक टाळण्यासाठीच चूक केली होती. खाच जास्त खोल गेली तर तार पहिल्या पडद्यावर खरखरते, असं मी तिला तीन वेळा बजावलं होतं, म्हणून तिनं खाचा जेमतेम खरवडल्या. तार तारगहनावर इतकी उंच की पहिल्या पडद्यावर दाबताना ती चांगलीच ताणली जायची. पुढच्या पडद्यांवर तो ताण लांब तारेत विरून जातो, म्हणून तिकडं सूर ठीक.

यासाठी एक सोपी परीक्षा आहे. तिसऱ्या पडद्यावर तार दाबून धरा आणि पहिल्या पडद्यावर तार व पडदा यांच्यात किती फट आहे ते बघा. वहीचं पान जेमतेम सरकेल एवढी फट हवी. दोन पानं सहज जात असतील तर खाच अजून खोल हवी. अजिबात फट नसेल तर खाच आधीच जास्त खोल गेलीय. बारीक कानशीनं दोनदा घासा, तार परत चढवा, परत बघा. कानस खुंट्यांच्या बाजूला किंचित उतरती धरा, नाहीतर तार खाचेच्या आतल्या भागावर टेकते आणि सूर पुन्हा डळमळतो. खाच फार खोल गेलीच, तर वाळलेल्या हाडाचा भुगा आणि थेंबभर झटपट चिकटणारा गोंद घालून भरा, कडक झाल्यावर नव्यानं कापा. तात्पुरता उपाय आहे, पण वर्षभर टिकलेला पाहिलाय.

पाचवं वाद्य कुणाच्या यादीत नव्हतं. ते माझं, नमुना म्हणून वर्गात ठेवलेलं. गंमत म्हणून त्याचीही कुंडली काढली, आणि सगळ्या तारांवर, सगळ्या पडद्यांवर एकसारखे उणे सात. तारगहनाजवळ पडद्यांच्या पट्टीचं टोक काटकोनात आणताना मी ते पॉलिश पेपरवर दीड मिमी जास्त घासलं होतं. दोन वर्षं तेच वाद्य मी ‘असं हवं’ म्हणून दाखवत होतो. टोकाला दीड मिमीची शिसवीची चीप चिकटवली, तारगहन मागे सरकवलं, संपलं.

दमट हवेवरचा आळ

लाकूड फुगतं हे खरं, पण कुठल्या दिशेनं फुगतं हे महत्त्वाचं. लाकडाच्या धाग्यांच्या आडव्या दिशेनं ते ओलाव्यानं फुगतं आणि सुकल्यावर आकसतं. धाग्यांच्या लांबीत ते जवळजवळ बदलत नाही. दांडी आणि पडद्यांची पट्टी यांचे धागे तारेच्या दिशेनं असतात. म्हणून पडद्यांची अंतरं आणि तारगहनापासून घोडीपर्यंतची लांबी पावसानं बदलत नाही. पुरानंतर कुणाचा बारावा पडदा पन्नास सेंट खाली गेला, तर तो पुरामुळे गेला नाही.

पावसाळा दुसरीकडे त्रास देतो. तबली आडवी रुंद असते; ती फुगली की मधे उठते आणि घोडी वर ढकलते. तारा उंच होतात, दाबायला जड जातात, आणि जड दाबलेली तार जास्त ताणली जाऊन जरा चढी लागते. उन्हाळ्यात उलट. मे महिन्यातल्या बडोद्यात तबली खाली बसते, तारा पडद्यांवर खरखरतात, आणि पडद्यांची पट्टी रुंदीत आकसून धातूची टोकं बाहेर येतात. हात फिरवला की खरचटतं. बाराव्या पडद्यावर तारेची उंची साधारण अडीच मिमी हवी. ती वाढली असेल तर घोडीवरची हाडाची पट्टी घासून कमी करा. बाराव्यावर अर्धा मिमी कमी करायचा असेल तर घोडीवर एक मिमी घासावं लागतं.

लाकडाची निवड मात्र इथं महत्त्वाची ठरते. लातीवरचा माणूस ‘एकदम सुकेलुं छे, साहेब’ म्हणतो. इथं लाकडाच्या वखारीला मराठी घरांतही लातीच म्हणतात. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायला हरकत नाही, पण स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर जास्त ठेवा. तबलीची फळी घरी आणल्यावर वजन करा, आठवड्यानं परत करा. वजन उतरत असेल तर ती अजून ओली आहे. लागोपाठ दोन आठवडे वजन तेवढंच राहिलं की मग कापा. आम्ही सतारीसाठी वापरतात तेच तूनचं लाकूड घेतो: हलकं, वाकवायला सोपं, आणि महागड्या महोगनीच्याच कुळातलं. तबली आणि तिच्या आतल्या आधाराच्या पट्ट्या चिकटवायचं काम मी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच ठेवतो. पावसाळी तुकडीला तबल्या हिवाळ्यात चिकटवून तयार देतो आणि बाकीचं त्यांच्याकडून करवतो. कुणाला यात फसवणूक वाटली तर वाटू दे.

दमट हवेचं एक दुखणं मात्र खरंच हवेचं नाही, नाश्त्याचं आहे. सुट्टीत शेव-उसळ येते. तर्रीचे हात कितीही पुसले तरी तेलकट राहतात, आणि त्याच हातांनी घोडीचा तळ धरला की गोंद तिथं धरत नाही. दोन घोड्या मी अशाच उडताना पाहिल्यात. चिकटवण्याच्या दिवशी नाश्ता काम संपल्यावर.

कच्ची घोडी

वर्गात सगळ्यात मोठा बदल केला तो असा: तारा चढवून कुंडली निघाल्याशिवाय घोडी चिकटवायचीच नाही.

कल्पना नवी नाही. तंबोऱ्याची घोडी तबलीवर तारांच्या दाबानंच उभी असते. व्हायोलिनचीही तशीच. युकुलेलेत मात्र तारा घोडीलाच बांधलेल्या असतात, म्हणून ती चिकटवल्याशिवाय तारा चढवता येत नाहीत असं सगळे धरून चालतात. चढवता येतात. बॉडीच्या शेपटाकडच्या ठोकळ्यावर दोन बारीक स्क्रूंनी पितळेची एक छोटी पट्टी बसवा, सतारीच्या लंगोटासारखी. तारा तिला बांधा. तबलीवर शिसवीचा एक सुटा तुकडा उभा करा, घोडी आणि तिच्यावरची हाडाची पट्टी मिळून जेवढी उंच होणार आहे बरोबर तेवढाच. ही कच्ची घोडी. उंची चुकली तर सगळी कसरत फुकट, कारण तार कमी-जास्त ताणली जाते आणि आकडे खोटे निघतात.

आता तारा सुरात लावा, आणि घोडी पुढं-मागं सरकवत बारावा पडदा मोकळ्या तारेशी जुळवा. जवळपास ३५२ वर थांबेल. सी तार जाड असते, ती जुळायला घोडीची तिच्याकडची बाजू थोडी मागे जावी लागते. म्हणून बऱ्याच वाद्यांत घोडीवरची पट्टी तिरकी दिसते. जुळलं की दोन्ही टोकांना टोकदार पेन्सिलनं खूण करा. तारा काढा, खुणेवर खरी घोडी चिकटवा, रात्रभर क्लॅम्प. शेपटाकडची दोन भोकं नंतर पट्ट्याचं बटण लावून झाकली जातात.

हे सगळं करायला एक अख्खा रविवार जादा लागतो, म्हणून वर्ग आता नऊ रविवारांचा झालाय. पहिल्या दिवशी सांगितलं की दोन जण तरी विचारतात, ‘मधला टप्पा घरी करू का?’ नाही. मधला टप्पा घरी केला की प्रिंटर आणि वडिलांची पट्टी परत येते.

एक सूचना: नव्या नायलॉनच्या तारा पहिले दोन-तीन दिवस उतरतच राहतात. ताज्या चढवलेल्या तारांवर कुंडली काढू नका. तारा लावा, हातानं हळूच ओढून ताणा, दोन दिवस रोज सुरात आणा, मग मोजा. मी शनिवारी संध्याकाळी तारा चढवायला बोलावतो. लोक हसतात, पण येतात.

घोडी आधीच चिकटली असेल तर

वर्गाबाहेरून येणारी बहुतेक वाद्यं अशीच असतात, त्यामुळे त्यांच्यासाठी आणखी थोडं.

आधी कुंडली, घोडीकडे हात नंतर. आकडे पाहून घोडीचाच दोष नक्की झाला, तर बाराव्यावर पाच सेंटपर्यंतची चूक घोडीवरच्या हाडाच्या पट्टीवरच निघते. पट्टी तीनेक मिमी रुंद असते. तिचा माथा एका बाजूला उतरता घासा, म्हणजे तार मागच्या किंवा पुढच्या कडेवर टेकेल. मिलिमीटरभर जागा मिळते. एकाच तारेची चूक असेल तर तेवढ्याच ठिकाणी घासा.

दहा सेंटपर्यंत असेल तर घोडीतली पट्टीची खाच त्याच लाकडाच्या चिपेनं बुजवून दोन मिमी मागे नवी खाच कापा. घोडी रुंद असेल तरच हे जमतं.

त्याहून जास्त असेल तर उचकटावीच लागते. त्या दोन तबल्या खराब केल्यानंतर शिकलो ते इतकंच: घाई करू नये. घोडीभोवती तबलीवर चांदीचा कागद पसरून फक्त घोडी उघडी ठेवा. तिच्यावर ओला कपडा, कपड्यावर मध्यम गरम इस्त्री, एका वेळी अर्धा मिनिट. लाकडाचा पांढरा गोंद सत्तर-ऐंशी अंश सेल्सियसला मऊ होतो, त्याला आणखी उष्णता देण्यात अर्थ नाही. मग पातळ, बोथट सुरी कोमट पाण्यात बुडवून कोपऱ्यातून सरकवायची, तीही तबलीच्या धाग्यांच्या दिशेनं. आडवी कधीच नाही. सुरी अडली की थांबायचं, परत इस्त्री. घोडी सुटली की जुना गोंद ओल्या फडक्यानं काढा, तबली दोन दिवस वाळू द्या, आणि नवी खूण करताना कच्च्या घोडीची पद्धत वापरा. मार्च महिन्याच्या त्या तारखेतला ‘र्च’ मी परत कोरला, पण तो जरा जाड आलाय, आणि ताई म्हणतात की राहू दे.